गुंड्राडा कुणाची मुलगी? वॉरेन घराण्याची वंशावळ तपासतानाच्या नोंदी

४ जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाहवत जायला नको. शेजारच्या आजींकडे त्यांच्या काकांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी हातानं काढलेली वंशावळ आहे. लांबलचक गुंडाळी, सगळ्यात वर विल्यम द कॉन्करर (१०६६ मध्ये इंग्लंड जिंकून राजा झालेला नॉर्मंडीचा ड्यूक), त्याच्याखाली त्याची मुलगी गुंड्राडा, तिच्या शेजारी तिचा नवरा विल्यम द वॉरेन, सरेचा पहिला अर्ल, आणि तिथून खाली वीसेक पिढ्या येत येत आजींच्या आईपर्यंत. आजींना एवढंच कळून हवंय की सगळ्यात वरची ओळ खरी आहे का. त्यांनी अनेक वेबसाइटवर बघितलंय, काही ठिकाणी गुंड्राडा राजाची मुलगी, काही ठिकाणी फक्त राणीची, काही ठिकाणी दोघांचीही नाही.

मी फक्त वरच्या तीन-चार पिढ्या करणार आहे. खालच्या भागाला हात लावणार नाही, कारण तो चर्चच्या नोंदी, मृत्युपत्रं वगैरेंवरून करता येतो आणि ते काम वेगळं आहे.

पद्धत: प्रत्येक दाव्यापुढे चार गोष्टी लिहायच्या. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं, आणि तसं लिहिण्यात त्याचा काही फायदा होता का. पक्कं ते शाईनं, बाकी सगळं पेन्सिलनं.

५ जानेवारी

आधी जे कुणीच नाकारत नाही ते शाईनं लिहून टाकलं. विल्यम द वॉरेन हा नॉर्मंडीचा, त्याचं आडनाव तिकडच्या वारेन नावाच्या नदीवरून. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत तो होता, आणि त्या लढाईत नक्की हजर असलेल्या ज्या मोजक्या लोकांची नावं समकालीन लेखकांनी दिलीत त्यात हा आहे. बक्षीस म्हणून इतकी जमीन मिळाली की डोम्सडे बुकात (कॉन्कररनं करवून घेतलेल्या जमिनींच्या सरकारी नोंदवहीत) तो तेरा परगण्यांत दिसतो. ससेक्समध्ये लुइस, नॉरफोकमध्ये कॅसल एकर, यॉर्कशायरमध्ये कॉनिसब्रो, ही सगळी त्याची ठाणी. बायको गुंड्राडा. दोघांनी मिळून लुइसला क्लुनी पंथाचा मठ काढला, साधारण १०७७, इंग्लंडमधला त्या पंथाचा पहिला मठ. गुंड्राडा २७ मे १०८५ ला कॅसल एकरला बाळंतपणात गेली. विल्यम १०८८ मध्ये पेव्हेन्सीच्या वेढ्यात जखमी झाला आणि त्यातच गेला. दोघांना लुइसच्या मठातच पुरलं.

गुंड्राडाचे आईबाप कोण आणि विल्यमचे आईबाप कोण, या दोन्ही जागा रिकाम्या ठेवल्यात.

११ जानेवारी

ऑनलाइन झाडांवर (लोकांनी वेबसाइटवर टाकलेल्या वंशावळींवर) वेळ घालवला, त्यातून काही निघालं नाही. जो ही वंशावळ तपासायला घेईल त्यानं हा टप्पा सरळ सोडून द्यावा असं मला वाटतं. एकानं दुसऱ्याचं उचललंय, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, आणि "शंभर झाडांत आहे" म्हणून ते शंभर पुरावे होत नाहीत, मूळ एकच असतं. एवढं मात्र झालं की सगळ्या धाग्यांचं मूळ कुठं जातं ते कळलं: लुइस मठाची कागदपत्रं. मठाचा स्थापना-दस्त आहे, त्यात विल्यम वॉरेन म्हणतो की हे दान "माझ्या बायकोची आई राणी मटिल्डा" हिच्या, म्हणजे कॉन्कररच्या बायकोच्या, आत्म्यासाठीसुद्धा. आणि दुसरा एक दस्त खुद्द कॉन्कररचा, नॉरफोकमधलं वॉल्टन गाव मठाला दिल्याचा, त्यात गुंड्राडाला "माझी मुलगी" म्हटलंय.

पहिल्यांदा वाचल्यावर वाटतं, झालं की काम. राजा स्वतः म्हणतोय मुलगी, जावई म्हणतोय सासू.

१९ जानेवारी

नाही झालं काम.

स्थापना-दस्त आपल्यापर्यंत आलाय तो मठाच्या दस्तवहीतून, आणि ही वही लिहून काढली १४४४ मध्ये. गुंड्राडाला जाऊन तोवर साडेतीनशेच्या वर वर्षं झाली होती. तिचं इंग्रजी भाषांतर सॉल्झमननं १९३० च्या दशकात ससेक्स रेकॉर्ड सोसायटीसाठी केलंय, ते वाचायला सोपं आहे, लॅटिन येत नसेल तर इथूनच सुरुवात करा. हा स्थापना-दस्त आज आहे तसा अकराव्या शतकातला नाही, यावर अभ्यासकांचं साधारण एकमत आहे. तो नंतर रचलेला आहे, जुन्या आठवणी घेऊन. भाषा अकराव्या शतकातल्या दस्ताची नाही, लांबलचक गोष्ट सांगत जातो, आणि एक मोठा भाग मठाचा मुख्य कोण नेमणार, कसा नेमणार यावर खर्च करतो. आता बाराव्या शतकाच्या शेवटी वॉरेन अर्ल आणि क्लुनी (पंथाचा फ्रान्समधला मूळ मठ) यांच्यात नेमकं याच गोष्टीवरून मोठं भांडण झालेलं आहे. म्हणजे असा दस्त हाताशी असणं मठाच्या सोयीचं होतं. आणि संस्थापिका राजाची मुलगी असणं कुठल्या मठाला नको असेल?

वॉल्टनच्या दस्ताचं तर अजूनच सरळ आहे. नातं सांगणारे शब्द मागाहून घातलेले आहेत, मूळ मजकुराचा भाग नाहीत. हे मूळ कागद बघितलेल्यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय.

इथं एक अडचण सांगते जी इतरांनाही येईल. मी हे दोन्ही मजकूर आधी जुन्या छापील संग्रहांतून वाचत होते, आणि छापलेल्या पानावर शाई वेगळी दिसत नाही, हात वेगळा दिसत नाही, ओळीच्या वर बारीक अक्षरात घुसवलेला शब्द बाकीच्यांसारखाच टाइपात बसलेला असतो. त्यामुळे त्या दोन शब्दांच्या आधारावर पुढचं सगळं मांडत बसले आणि आठवडाभर त्यात गेला. नियम केला: छापील मजकूर मिळाला की आधी त्याच्या कागदाची हकीकत शोधायची, म्हणजे प्रत कधीची, कुणाची, खाडाखोड आहे का, आणि मग मजकूर वाचायचा.

"राजाची मुलगी" पेन्सिलनंसुद्धा ठेवण्यासारखं उरलं नाही असं वाटतंय, पण अजून खोडत नाही.

१ फेब्रुवारी

लुइसला जाऊन आले. ब्रायटनहून ट्रेननं पाव तासाचा रस्ता. स्टेशनपासून चालत साउदओव्हर चर्च, तिथं एका छोट्या उपासनागृहात गुंड्राडाची काळ्या दगडाची शिळा आहे, आणि शिशाच्या दोन पेट्या.

या वस्तूंची हकीकत कळली की कामाचं गांभीर्य वेगळंच जाणवतं. मठ आठव्या हेन्रीच्या काळात १५३७ मध्ये ताब्यात घेतला गेला आणि लगेच पाडला, पाडायला खास इटालियन माणूस आणला होता. शिळा कुणीतरी उचलून इसफील्डच्या चर्चमध्ये नेली आणि शर्ली नावाच्या घराण्याच्या थडग्यासाठी वापरली. १७७० च्या दशकात ती तिथं ओळखली गेली आणि परत लुइसला आणली. मग १८४५ मध्ये ब्रायटन ते हेस्टिंग्ज रेल्वे टाकताना लाइन सरळ मठाच्या अवशेषांतून नेली, खोदताना शिशाच्या दोन लहान पेट्या सापडल्या, आत हाडं, आणि झाकणांवर नावं: एकीवर गुंड्राडा, दुसरीवर विल्यम. माणसाच्या मापाच्या नाहीत, लहान आहेत, कारण मूळ पुरलेली हाडं नंतर कधीतरी गोळा करून त्यात ठेवलेली. आजही मठाच्या पडक्या भिंतींशेजारून गाड्या जातात.

शिळेवरचा लेख मी फोटो काढून घरी आणून शब्द शब्द लावला. सुरुवातच अशी की गुंड्राडा ड्यूकांच्या कुळातली, तिच्या काळाचं भूषण. अनेक जण हे बघून म्हणतात बघा, नॉर्मंडीचा ड्यूक म्हणजे कॉन्कररच. पण जरा विचार करा. शिळा बाराव्या शतकाच्या मधली आहे, दगड बेल्जियमकडचा टूर्नेचा, काम उंची, खर्च करून केलेलं. घराण्याला मिरवायचं होतं हे उघड आहे. त्या वेळी तिचे नातू-पणतू अर्ल होते. त्यांची आजी-पणजी इंग्लंडच्या राजाची मुलगी असती तर ते एवढं लांबून "ड्यूकांच्या कुळातली" का म्हणाले असते? राजा हा शब्द त्या दगडावर तिच्या बापासाठी कुठंच नाही. मला तरी हा लेख राजकन्येच्या बाजूचा वाटत नाही, विरुद्ध बाजूचा वाटतो.

आजींना फोटो दाखवले. त्या लुइसला लहानपणी गेल्या होत्या पण चर्चमध्ये कधी गेल्या नव्हत्या.

९ फेब्रुवारी

आज बाकीच्यांची साक्ष. कॉन्कररच्या मुलींची यादी कोण कोण देतं?

ऑर्डेरिक व्हिटालिस हा नॉर्मंडीतल्या सेंट-एव्हरूच्या मठातला साधू, जन्म १०७५, आयुष्यभर इतिहास लिहीत बसला. तो राजाच्या मुलींची नावं देतो, त्यात गुंड्राडा नाही. उलट दुसऱ्या एका ठिकाणी विल्यम वॉरेनबद्दल लिहिताना सरळ म्हणतो की त्याची बायको गुंड्राडा ही गेरबोडची बहीण. हा गेरबोड फ्लँडर्सचा, कॉन्कररनं त्याला १०७० मध्ये चेस्टर दिलं होतं, पण तो लवकरच फ्लँडर्सला परत गेला आणि तिकडच्या लढाईत सापडला, १०७१ ची कॅसलची लढाई, मग चेस्टर दुसऱ्याला गेलं.

माल्म्सबरीचा विल्यम राजाला पाच मुली म्हणतो, तिघींची नावं देतो आणि दोघींची नावं आठवत नाहीत असं स्वतःच लिहितो. हे वाचून मी जरा थांबले, कारण या फटीतून गुंड्राडा आत येऊ शकते. पण तोच पुढे सांगतो त्या दोघी कोण: एकीचं हॅरल्डशी (हेस्टिंग्जला हरलेला इंग्लंडचा राजा) ठरलं होतं, दुसरीचं स्पेनमधल्या राजाशी, आणि ती लग्नाआधीच गेली. वॉरेनची बायको यात बसत नाही. फट बंद.

म्हणजे जे इतिहासकार वॉरेन घराण्याचे कुणी लागत नव्हते आणि ज्यांना या नात्यात काही फायदा नव्हता, त्यांच्याकडे ही राजकन्या नाहीच.

१५ फेब्रुवारी

फ्लँडर्सची बाजू भक्कम होतेय. वॉरेन घराण्याच्या जवळच्या कुणीतरी बाराव्या शतकात लिहिलेला एक इतिहास आहे, पूर्वी हाइड मठाच्या नावानं ओळखायचे, आता वॉरेनच्या नावानंही. २०१३ ची ऑक्सफर्डची आवृत्ती विकत घेण्यासारखी नाही, म्हणजे मला तरी परवडणारी नाही, युनिव्हर्सिटी लायब्ररीत बाहेरच्या वाचकाचं कार्ड काढून तिथं बसून वाचली. त्यात गुंड्राडाचा आणखी एक भाऊ येतो, फ्रेडरिक. याला हेरवर्डनं मारलं, तोच हेरवर्ड जो नॉर्मनांविरुद्ध ईलीच्या दलदलीत लढला.

मग डोम्सडे उघडलं. ते ऑनलाइन फुकट आहे, नकाशावर गाव निवडता येतं, वापराच. नॉरफोकमध्ये विल्यम वॉरेनच्या बऱ्याच जमिनींपुढे नोंद आहे की ही "फ्रेडरिकच्या जहागिरीतली". मेहुणा मेला आणि त्याची जमीन वॉरेनकडे आली, हे कागदावर दिसतंय, आणि १०८६ च्या सरकारी कागदावर, कुणाची स्तुती करायला लिहिलेल्या नाही. मला या एका नोंदीनं फार समाधान मिळालं. गोष्ट आणि जमीन एकमेकांना लागून बसली.

गुंड्राडाचे भाऊ गेरबोड आणि फ्रेडरिक: शाईनं. मुळं फ्लँडर्सची: शाईनं. बापाचं नाव: कदाचित तोही गेरबोडच, पण पेन्सिल.

२२ फेब्रुवारी

आता मधला मार्ग, जो अनेक झाडांत आहे: गुंड्राडा राजाची नाही पण राणीची मुलगी, म्हणजे मटिल्डाचं कॉन्कररच्या आधी एक लग्न झालं होतं, फ्लँडर्सच्या गेरबोडशी, आणि त्यातून गेरबोड, फ्रेडरिक, गुंड्राडा. ही कल्पना स्टेपलटननं १८४६ मध्ये मांडली, पेट्या सापडल्या त्याच्या पुढच्याच वर्षी. मांडणी हुशार आहे, दस्तातली "सासू मटिल्डा" पण सांभाळली जाते आणि ऑर्डेरिकचा "भाऊ गेरबोड" पण. त्या काळच्या मोठ्या इतिहासकारांपैकी फ्रीमननंसुद्धा आधी ती मानली होती, मग १८८८ मध्ये मोठा लेख लिहून सोडून दिली.

माझी अडचण अशी की मटिल्डाच्या पहिल्या लग्नाचा एकही समकालीन उल्लेख नाही. १०४९ मध्ये पोपनं राईम्सच्या सभेत कॉन्करर आणि मटिल्डाच्या लग्नाला मनाई केली, त्यावर पुढे किती लिहिलं गेलं, पण पहिला नवरा, आधीची मुलं, कुणी काही म्हणत नाही. दोन विसंगत कागद जुळवायला एक जादा लग्न कल्पायचं, आणि त्यातला एक कागद मुळात नंतर रचलेला. रचलेला कागद बाजूला काढला की जुळवायला काही उरतच नाही.

तरी हे "उल्लेख नाही" प्रकारचं उत्तर आहे आणि त्यानं माझं पूर्ण समाधान होत नाही.

२ मार्च

मिळालं. या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त पटलेला पुरावा हा, आणि तो गुंड्राडाबद्दल नाहीच, म्हणूनच तो मोलाचा आहे.

कॉन्कररचा मुलगा पहिला हेन्री राजा झाल्यावर त्याला आपली एक मुलगी (लग्नाबाहेरची, तिचं नाव पत्रात नाही) गुंड्राडाच्या मुलाला द्यायची होती, म्हणजे दुसऱ्या विल्यम द वॉरेनला. त्यानं कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याला विचारलं. अँसेल्मचं उत्तर उपलब्ध आहे, तो ११०९ मध्ये गेला त्यामुळे पत्र त्याच्या आधीच्या एक-दोन वर्षांतलं. तो म्हणतो हे लग्न होऊ शकत नाही, कारण दोघं नातलग आहेत, एका बाजूनं चौथ्या पिढीत आणि दुसऱ्या बाजूनं सहाव्या.

त्या वेळी चर्चचा नियम सात पिढ्यांपर्यंत लग्न नको असा होता (तो १२१५ मध्ये चारवर आणला). आपल्याकडे परंपरेनं सपिंड बघताना बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या मोजतात, तसंच हे, समान पूर्वजापासून दोन्हीकडे खाली मोजत यायचं.

आता गुंड्राडा जर कॉन्कररची मुलगी असती, तर हेन्री तिचा सख्खा भाऊ, आणि नवरा-नवरी सख्खी आत्ते-मामे भावंडं. म्हणजे दुसरी पिढी. ती फक्त मटिल्डाची मुलगी असती तरी हेन्री सावत्र भाऊ आणि पिढी दुसरीच, कारण आजी तीच. अँसेल्मला लग्न थांबवायचं होतं, त्याच्या हातात दुसऱ्या पिढीचं नातं असताना तो चौथी-सहावी शोधत बसला असता का? सगळ्यात जवळचं नातं सांगितलं असतं आणि विषय संपला असता. आणि राजाला लिहितोय, राजाच्याच बहिणीबद्दल राजाला माहीत नसणार असं तर नाही.

राजाची मुलगी: खोडलं. राणीची मुलगी: खोडलं. दोन्ही एकाच पत्रानं, आणि त्या पत्राला लुइसच्या मठाशी, शिळेशी, वंशावळीशी काही घेणंदेणं नव्हतं.

३ मार्च

काल रात्री झोप नाही लागली नीट, कारण चार आणि सहा डोक्यात फिरत होते. नातं होतं तर मग ते कुठून?

सकाळी उठून मांडलं. कॉन्कररची पणजी गुन्नोर, नॉर्मंडीचा पहिला रिचर्ड याची बायको. तिच्या आईबापांपासून मोजा: गुन्नोर एक, दुसरा रिचर्ड दोन, रॉबर्ट तीन, कॉन्करर चार, हेन्री पाच, हेन्रीची मुलगी सहा. सहा बरोबर आले!

दुसरी बाजू: रॉबर्ट ऑफ टोरिन्यी नावाचा साधू, पुढे माँ सँ-मिशेलचा मठाधिपती, बाराव्या शतकात गुन्नोरच्या भाच्यांची लग्नं कुठं कुठं झाली ते लिहितो, आणि विल्यम वॉरेनला गुन्नोरच्या एका भाचीचा मुलगा म्हणतो. मोजा: गुन्नोरची बहीण एक, तिची मुलगी दोन, पहिला विल्यम वॉरेन तीन, दुसरा विल्यम वॉरेन चार.

चार आणि सहा. अँसेल्म आणि टोरिन्यी, दोन वेगळी माणसं, वेगळ्या कारणांनी लिहितात आणि आकडा जुळतो. म्हणजे राजाशी नातं होतं, फक्त ते बायकोकडून नव्हतं, नवऱ्याकडून होतं. आजींच्या काकांची वंशावळ राजघराण्याशी नातं सांगते ते खोटं नाही, जोडलंय मात्र चुकीच्या माणसाला.

१६ मार्च

आता विल्यमचे आईबाप. इथं पाणी गढूळ आहे.

रूआँच्या होली ट्रिनिटी मठाच्या दस्तांत वॉरेन आडनावाचा रोडुल्फ दिसतो. एका ठिकाणी बायको बिआट्रिस, नंतर १०५९ च्या दस्तात बायको एम्मा, आणि सोबत मुलगे, त्यात विल्यम. लॉइडनं १९३३ मध्ये यॉर्कशायरच्या पुरातत्त्व जर्नलमध्ये लेख लिहून मांडणी केली, ती बरीच वर्षं चालली: रोडुल्फ एकच, बायका दोन, पहिली बिआट्रिस हीच गुन्नोरची भाची आणि विल्यमची आई. यात चार-सहा बसतं. पण १०५९ चा दस्त विल्यमला एम्माबरोबर ठेवतो, ते टोचत राहतं.

मग १९९० च्या दशकात कीट्स-रोहननं पुन्हा सगळे दस्त तपासले आणि म्हटलं की रोडुल्फ दोन आहेत, बाप आणि मुलगा. बिआट्रिस बापाची बायको, एम्मा मुलाची, आणि विल्यम हा एम्माचा, म्हणजे बिआट्रिसचा नातू. टोरिन्यीनं दोन पिढ्या एकीत दाबल्या, जे तो इतरत्रही करतो. याच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे. टोरिन्यी विल्यम वॉरेनला रॉजर द मॉर्टेमरचा सख्खा भाऊ म्हणतो, पण ऑर्डेरिक नुसतं नातलग म्हणतो, आणि रॉजर वयानं एक पिढी मोठा वाटतो. १०५४ च्या मॉर्टेमरच्या लढाईनंतर रॉजरवर ड्यूकची मर्जी उतरली आणि त्याचा किल्ला विल्यमला मिळाला. रॉजर काका आणि विल्यम पुतण्या धरला तर हे सगळं सहज बसतं.

आणि इथंच माझा हिशेब अडतो. दोन रोडुल्फ धरले तर गुन्नोरची बहीण एक, बिआट्रिस दोन, दुसरा रोडुल्फ तीन, पहिला विल्यम चार, दुसरा विल्यम पाच. अँसेल्म चार म्हणतो. बिआट्रिस ही भाची नसून स्वतःच गुन्नोरची बहीण असेल तर चार येतात, पण मग टोरिन्यीची भाची जाते, आणि काळही ताणला जातो, कारण बिआट्रिस दस्तांत १०५० च्या सुमाराला आहे आणि गुन्नोर १०३१ मध्ये म्हातारी होऊन गेली. नातं एम्माकडून असेल तरी चालतं, एम्मा गुन्नोरच्या बहिणीची मुलगी, पण तिचंही वय जरा जास्त होतं.

कागदावर तीन पर्याय तीन रंगांत काढले. माझा कल दोन रोडुल्फकडे आहे कारण दस्त तेच सांगतात, आणि चार-पाचचा फरक अँसेल्मला ज्यांनी पिढ्या मोजून दिल्या त्यांच्याकडून झालेला असू शकतो. त्यालाही कुणीतरी तोंडी सांगितलं असणार. पण हा कल आहे, निर्णय नाही, पेन्सिलच.

२३ मार्च

खालच्या भागाला हात लावणार नाही म्हटलं होतं पण दोन ठिकाणी लावावा लागला.

एक: काकांच्या कागदावर वॉरेन हे बापाकडून बापाकडे सलग खाली येतात. तसं नाहीये. तिसरा विल्यम वॉरेन दुसऱ्या क्रुसेडवर गेला आणि ११४८ च्या जानेवारीत आशिया मायनरमध्ये मारला गेला. मागे मुलगी इझाबेल. तिचा पहिला नवरा स्टीफन राजाचा मुलगा, तो निपुत्रिक गेला, दुसरा हॅमेलिन, ११६४, हा दुसऱ्या हेन्री राजाचा सावत्र भाऊ, आंजूच्या जेफ्रीचा लग्नाबाहेरचा मुलगा. हॅमेलिननं बायकोचं आडनाव घेतलं. म्हणजे त्यानंतरचे वॉरेन अर्ल आईकडून वॉरेन आणि बापाकडून आंजूचे. १३४७ मध्ये शेवटचा अर्ल जॉन औरस वारस न ठेवता गेला.

दोन: काकांनी एका जागी जॉन वॉटसनच्या १७८२ च्या दोन खंडांवर भरवसा ठेवलाय. हा स्टॉकपोर्टचा पाद्री, त्यानं ते काम पॉइंटनच्या सर जॉर्ज वॉरेनसाठी केलं, सर जॉर्ज हे जुन्या अर्लांचे वंशज आहेत हे दाखवायला. चित्रं सुंदर, कष्ट अफाट, पण आधी उत्तर ठरलेलं आणि मग पुरावा गोळा केलेला. मी याची पुनर्मुद्रित प्रत पंचवीस पौंडाला मागवली, आली ती निम्मी पानं अस्पष्ट आणि तक्ते घडी न उघडता स्कॅन केलेले, म्हणजे नेमका वंशवृक्षच वाचता येत नाही. पैसे वाया. जुनी पुस्तकं आधी इंटरनेट आर्काइव्हवर बघा, तिथं एकाच पुस्तकाचे दोन-तीन स्कॅन असतात, त्यातला एखादा तरी नीट असतो.

३० मार्च

खर्चाचा हिशेब, कुणाला लागला तर. ट्रेन आणि लायब्ररीचं कार्ड मिळून फार नाही. एकोणिसाव्या शतकातली जर्नल्स बहुतेक फुकट. क्लेनं १९४९ मध्ये काढलेला यॉर्कशायरच्या जुन्या दस्तांचा आठवा खंड, जो संपूर्ण वॉरेनच्या जहागिरीवर आहे, तो लायब्ररीतच बघायला लागतो पण हे काम त्याच्याशिवाय करू नये, परत सुरुवात केली तर मी तिथूनच करेन. सगळ्यात जास्त वेळ लॅटिनमध्ये गेला. स्कॅनवरून मजकूर काढणारी सॉफ्टवेअर लॅटिनच्या संक्षेपांपुढे हात टेकतात, आणि यंत्राचं भाषांतर "भाऊ" आणि "नातलग" सारखं करून टाकतं, या कामात तेवढ्यानं पिढी बदलते. जिथं नात्याचा शब्द आहे तिथं मूळ ओळ स्वतः कोशात बघून लावायची.

६ एप्रिल

नवीन तक्ता आजींकडे घेऊन गेले. वरचा कॉन्करर गेला हे त्यांना कसं वाटेल याची मला काळजी होती. त्यांनी आधी अँसेल्मचा भाग पूर्ण ऐकून घेतला, दोनदा बोटांवर मोजायला लावला, मग म्हणाल्या की काकांचा कागद तसाच ठेवू आणि हा त्याच्या शेजारी लावू. काकांनी त्यांच्याकडे होती ती पुस्तकं बघून प्रामाणिकपणे केलं होतं, हे मलाही पटतं, आणि तसं मी तक्त्याच्या मागे लिहून दिलंय.

आत्ता तक्त्यावर आहे ते असं:

गुंड्राडा, मृत्यू १०८५, फ्लँडर्सची, गेरबोड आणि फ्रेडरिकची बहीण. शाई.
तिचा बाप, बहुधा गेरबोड नावाचाच. पेन्सिल.
तिची आई. रिकामी जागा.
पहिला विल्यम द वॉरेन, मृत्यू १०८८. शाई. बाप रोडुल्फ, शाई. आई एम्मा, पेन्सिल पण ठळक.
आजी बिआट्रिस, पेन्सिल.
गुन्नोरच्या घराण्याशी नातं, शाई. ते नेमकं कुणाकडून, पेन्सिल.

पुढचं काम रूआँच्या दस्तांचं, तिथं बिआट्रिस आणि एम्मा यांची नावं कुठल्या साक्षीदारांबरोबर येतात ते एकेक करून लावायचंय, कारण साक्षीदारांच्या वयांवरून दस्तांचा क्रम घट्ट करता आला तर एक रोडुल्फ की दोन हे ठरू शकेल. फ्रेंच वाचणारं कुणी बरोबर हवंय.